तिच्या नावाचे गाणे

मी मराठीचा प्राध्यापक आहे, आणि त्यातही छंदःशास्त्र शिकवतो. म्हणजे ज्या ओळी ऐकून लोक डोळे मिटतात, त्या ओळींतली लघु-गुरू अक्षरे बोटांवर मोजणे हा माझा व्यवसाय. अशा माणसाच्या तावडीत कुणी गाणे देऊ नये. भैरवीने सारी सभा हेलावलेली असताना मी शेजारच्या गृहस्थांना मात्रा समजावून सांगत असतो, असा माझ्या पत्नीचा आरोप आहे; आणि तो अगदीच खोटा आहे असे मला म्हणता येत नाही. पण एक गाणे असे भेटले की त्याच्यापाशी माझी बोटे थांबली. गाणे आपल्याकडचे नव्हे. भाषा परकी, देश परका, जात 'ब्लूज' नावाची. आणि ते मला समजावून सांगितले माझ्या अक्काने, जिला त्या भाषेतले एक अक्षर कळत नव्हते.

2009 सालची गोष्ट. अक्का मिरजेहून पुण्याला आमच्याकडे आली होती. भाचीच्या कॉलेजप्रवेशाची खटपट चालू होती, आणि संध्याकाळी रांगांत उभे राहून दमलेल्या आम्हा दोघांना करण्यासारखे काहीच नव्हते. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या एका सहकाऱ्याने मला एका चित्रपटाची चकती दिली होती. 'द कलर पर्पल' हे त्या चित्रपटाचे नाव. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, साल 1985. तो अ‍ॅलिस वॉकर या कृष्णवर्णीय लेखिकेच्या 1982 च्या कादंबरीवरून काढलेला आहे, आणि त्या कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, एवढी माहिती सहकाऱ्याने चकतीबरोबर फुकट पुरवली होती. "तू बघ तुझा सिनेमा, मी आपली शेंगा सोलत बसते," असे म्हणून अक्का बाजूला बसली. शेंगा पहिल्या पंधरा मिनिटांतच राहिल्या.

कथा अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतातल्या खेड्यातली, विसाव्या शतकाच्या आरंभीची. सीली नावाची एक काळी मुलगी. तिच्या वाट्याला कोवळ्या वयात जे भोग येतात, ते घरच्याच माणसाकडून येतात. त्यांचे वर्णन मी इथे करीत नाही. पुढे तिला एका बिजवराच्या गळ्यात बांधतात. त्याला हवी असते घर झाडणारी नि मुले सांभाळणारी बाई. मारहाण रोजचीच. जगात तिचे म्हणावे असे एकच माणूस, धाकटी बहीण नेटी. तिलाही तो नवरा घराबाहेर हाकलतो, आणि पुढे तिची येणारी पत्रे वर्षानुवर्षे लपवून ठेवतो. कादंबरीतली सीली आपले मन कुणाजवळ सांगणार? ती देवाला पत्रे लिहिते.

या नवऱ्याला सीली नुसते 'मिस्टर' म्हणते. हे मी अक्काला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की! आपल्याकडे तरी कोण नाव घेत होतं?" मी म्हटले, "आपल्याकडे ते मानानं." अक्काने माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलली नाही. आपल्या आज्यांच्या न घेतलेल्या नावांत मान किती होता नि धाक किती, याची मोजदाद अजून कुणा छंदःशास्त्र्याने केलेली नाही.

मग त्या घरात शुग एव्हरी येते. ही गाणारी बाई. मिस्टरचे तिच्यावर जुने प्रेम. ती आजारी पडते, तेव्हा तो तिला उचलून घरीच आणतो. आणि सेवा कुणी करायची, तर अर्थात सीलीने. शुग तिला प्रथम पाहते तेव्हा खदखदा हसून तिच्या कुरूपपणाचा उद्धार करते. सीली ते मुकाट्याने ऐकते, आणि तिला न्हाऊ घालते, खाऊ घालते, तिचे केस विंचरते. नवऱ्याच्या प्रेयसीचे केस! पण त्या विंचरण्यात कुठेतरी दोघींचे नाते जुळते. शुगच नवऱ्याला 'अल्बर्ट' म्हणून हाक मारते, तेव्हा हा अल्बर्ट कोण, असा सीलीला क्षणभर प्रश्न पडतो, असे कादंबरीत आहे.

शुग बरी होते. मिस्टरचा मुलगा हार्पो याने लाकडी फळ्यांचा एक गुत्ता उघडलेला असतो. दारू, नाच, गाणे, मारामारी, सगळे एकाच छपराखाली. घरच्या बायकांनी तिथे जायचे नसते, असा कादंबरीतल्या मिस्टरचा नियम. पण सीली येणार म्हणजे येणार, असे शुग त्याला बजावते. ती लाल झगझगीत पोशाखात गायला उभी राहते आणि सगळ्यांना सांगते की हे गाणे मिस सीलीचे आहे. मी आजारी असताना तिनेच ते माझ्या डोक्यातून खाजवून बाहेर काढले.

ते गाणे म्हणजे 'मिस सीलीज ब्लूज'. त्याचेच दुसरे नाव 'सिस्टर', म्हणजे बहीण.

मी सवयीप्रमाणे अक्काला अर्थ सांगायला लागलो. ती म्हणाली, "आता काही सांगू नकोस." मी गप्प बसलो. पियानो सुरू झाला, शुगचा आवाज आला. घाई नाही, आरडाओरडा नाही. जिने पुष्कळ सोसले आहे अशी एक बाई दुसरीला सांगते आहे की मी तुला ओळखले, तू माझ्यातलीच आहेस. एवढाच त्याचा भावार्थ. इकडे सीलीला कुठे पाहावे ते कळत नाही. हसताना तोंडावर हात धरणारी ती बाई, आणि आज सगळ्या गुत्त्याने तिच्याकडे पाहावे!

गाणे संपले. अक्का म्हणाली, "तिच्यावरच केलंय ना ते गाणं?"

"हो."

"तरीच लाजली एवढी." मग पुन्हा शेंगांची परडी जवळ ओढून ती म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी नाव घेतलं बाईचं."

इतकेच ती बोलली. पण त्या वाक्याने मला जे झाले ते सांगण्यापूर्वी मला थोडे मागे जायला हवे. आणि त्याआधी या गाण्याच्या जातकुळीविषयी दोन शब्द बोलायला हवेत. प्राध्यापकाला वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे गाणे. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण कापसाचे शेत, कर्ज आणि चाबूक यांच्याशी असलेले नाते कायद्याने संपत नसते. त्यानंतरच्या काही दशकांत, दक्षिणेकडच्या प्रांतांत, हे गाणे आकाराला आले. त्याचा ठरीव साचा बारा मापांचा आणि तीन ओळींचा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. ओळ दोनदा म्हटली की दुःख दोनदा सांगून होते, आणि तेवढ्यात गाणाऱ्याला तिसरी ओळही सुचते. जात्यावर बसलेली आपली बाई दुसरे काय करीत होती? एक ओळ घोळवून घोळवून म्हणायची, दाणे पाळूत पडत राहायचे, आणि पुढची ओळ तोवर मनात दळली जायची. दोघींची गाठ कधी पडली नाही. पण हाताला काम आणि मनाला भार असला की माणसाची युक्ती सगळीकडे सारखीच चालते.

दुसरी गोष्ट सुरांची. ब्लूजमधला गांधार धड शुद्ध नसतो नि धड कोमलही नसतो. तो पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत कुठेतरी राहतो. गळ्याला तो सापडतो, सारंगीला सापडला असता, पेटीला सापडत नाही. सगळे वेदनेचे सूर बहुधा अशा फटीतच राहत असावेत.

या गाण्याला कीर्ती मिळवून दिली ती बायकांनी. 1920 मध्ये मेमी स्मिथची तबकडी निघाली आणि काळ्या गायिकांच्या ब्लूजला बाजार आहे हे कंपन्यांना कळले. मा रेनी ही जॉर्जियातलीच, कोलंबस गावची. आणि बेसी स्मिथ तर या सगळ्यांची सम्राज्ञी. कादंबरीतली शुग तिला आपली मैत्रीण म्हणते, आणि गुत्त्यात तिचेच एक गाणे आधी म्हणते. ही बेसी 1937 मध्ये मोटारीच्या अपघाताने गेली. तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते. पण तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षे दगड नव्हता. 1970 मध्ये तो बसवला गेला. पैसे दिले दोघींनी: एक गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि दुसरी वनिता ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसली होती. ज्या बाईचा आवाज घराघरांत वाजला, तिचे नाव दगडावर यायला एवढी वर्षे लागली. आणि ते आणले कुणी, तर तिची फरशी पुसणाऱ्या मुलीने!

'मिस सीलीज ब्लूज' मात्र जुने गाणे नाही. ते 1985 मध्ये या चित्रपटासाठी बांधलेले आहे. ते बारा मापांच्या कडक साच्यातही बसत नाही. त्या काळच्या रंगमंचावरच्या गायिकांच्या ढंगाची ती आठवण आहे. बांधणारे तीन पुरुष: क्विन्सी जोन्स, रॉड टेम्परटन आणि लायनेल रिची. त्यांतला टेम्परटन तर गोरा इंग्रज. जोन्सने घडवलेले मायकेल जॅक्सनचे जगप्रसिद्ध 'थ्रिलर' हे गाणे त्यानेच लिहिले. हे कळले तेव्हा मी थोडा खट्टू झालो. म्हणजे हे नव्या कवीने लिहिलेल्या ओवीसारखेच झाले की! पण मग माझे मलाच हसू आले. गाणे बायकांच्या पंगतीत जाऊन बसले, आणि कुणी त्याला उठवले नाही. यापेक्षा मोठे प्रमाणपत्र कोणते?

पडद्यावर शुग झालेल्या नटीचे नाव मार्गारेट एव्हरी. नटीचे आणि पात्राचे आडनाव एकच, हा एक योगायोग. पण गळा तिचा नाही. तो आहे ताता वेगा या गायिकेचा. पार्श्वगायन आपल्याला नवे नाही, आणि पार्श्वगायकाचे नाव गाळणेही नवे नाही. 1949 च्या 'महल' चित्रपटातल्या लताबाईंच्या त्या अजरामर गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा गायिका म्हणून तिच्यावर छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव!

या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकही मिळाले नाही. उत्कृष्ट गीताच्या यादीत आपले गाणेही होते. ते हरले, आणि ज्या गाण्याकडून हरले ते दुसऱ्या एका चित्रपटासाठी लायनेल रिचीनेच केलेले होते. स्वतःच्याच गाण्याकडून स्वतः हरण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

आता मागे जातो.

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि अक्का अठराची. आम्ही सांगलीला राहत होतो. अक्का कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ते वर्ष तिने पुरे केले नाही. घरात त्याबद्दल चर्चा झाल्याचेही मला आठवत नाही. एक दिवस तिची पुस्तके वरच्या फळीवर गेली आणि माझा डबा वेळेवर तयार होऊ लागला, एवढेच.

दर रविवारी, आणि दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे, अक्का मला पाटावर बसवून डोक्याला तेल लावी. मी चुळबुळ करी. मला जागेवर बसवण्यासाठी तिने एक खेळ काढला होता. ती मनाचे श्लोक म्हणे आणि बोटांनी माझ्या डोक्यावर ठेका धरी. लघु अक्षराला बोटाचे नुसते टोक. गुरू अक्षराला सगळा पंजा. एक टोक, दोन दाब. एक टोक, दोन दाब. पुढे कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर भुजंगप्रयाताची लक्षणे लिहिली, तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि माझ्या टाळूला तेलाचा वास येत होता. मला ते वृत्त शिकावे लागले नाही. ते माझ्या डोक्यात होतेच. तिथे ते कुणी घातले होते, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

मी एम.ए. झालो, प्राध्यापक झालो, आणि 2007 मध्ये मराठी वृत्तांवर माझे एक छोटे पुस्तक निघाले. पाचशे प्रती. त्यांतल्या दीडदोनशे अजून आमच्या माळ्यावर आहेत. पुस्तकाच्या आरंभी दीड पानांचा ऋणनिर्देश आहे. त्यात माझे सर आहेत, ग्रंथपाल आहेत, मुद्रिते तपासणारे आहेत, वेळोवेळी चहा देणारी पत्नी आहे. इतकेच काय, एका पावसाळी दुपारी मला स्कूटरवरून ग्रंथालयापर्यंत सोडणारे एक स्नेहीही आहेत. एकूण तेवीस नावे. त्यांत अक्काचे नाव नाही. वगळायचे असे ठरवून वगळले नव्हते. ते सुचलेच नाही, आणि हेच अधिक वाईट. ज्या जमिनीवर आपण उभे असतो तिचे आभार मानायचे असतात, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

आणि आता ती माझ्या घरात बसून, शेंगा सोलता सोलता म्हणत होती, 'कुणीतरी नाव घेतलं बाईचं.' तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वाचलो असतो. भांडून मोकळा झालो असतो. पुढचा चित्रपट मी पाहिला, पण नीटसा दिसला नाही. शेवटी दोघी बहिणी भेटतात आणि लहानपणीसारख्या टाळ्यांचा खेळ खेळतात, तेव्हा अक्का पदराने डोळे पुसत होती आणि मी तिच्याकडे पाहायचे टाळत होतो.

तिला तेव्हाच काही बोलावे असे फार वाटले. बोललो नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत प्रेम करायला बंदी नसते, बोलायला असते. एकदा राहिलेली गोष्ट मग राहतच गेली. वर्षामागून वर्षे गेली. दर भाऊबीजेला मी मिरजेला जाई, ताटात पाकीट ठेवी, आणि पाकिटातली रक्कम दरवर्षी थोडी वाढवी. तिलाच मी ऋणनिर्देश समजत होतो.

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती. दुसऱ्या दिवशी मिरजेलाच, सकाळच्या चहाला सगळे बसलेले असताना, बातमी वाचली: क्विन्सी जोन्स आदल्या दिवशी गेले. वय एक्क्याण्णव. मी अक्काला म्हटले, "तुला तो सिनेमा आठवतो? बहिणीबहिणींचा? त्यातलं गाणं करणारा माणूस गेला, काल."

"भाऊबीजेला?" अक्का म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तेच ना, तिच्या नावाचं गाणं?"

पंधरा वर्षांनी तिला ते आठवत होते. मला वाटले, आता नाही बोललो तर कधीच नाही. दाजी होते, भाची होती, सूनबाई होत्या, नातू होता. माझा हारपोचा गुत्ता एवढाच. मी भाषणाला उभा राहावे तसा उभा राहिलो. प्राध्यापकाला बसून खरे बोलता येत नाही. म्हणालो, "मी आज जे शिकवतो ते मला कुठल्या सरांनी शिकवलेलं नाही. ते अक्कानं तेल लावताना माझ्या डोक्यात घातलं. माझ्या पुस्तकात तिचं नाव पहिलं हवं होतं. ते मी घातलं नाही. माझं चुकलं."

कुणी काही बोलेना. नातवाने विचारले, "आजी, तू मामाआजोबांना शिकवायचीस?" अक्का पदर तोंडाशी नेत म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच! बस खाली, चहा निवतोय."

मी बसलो. चहा निवला होताच. अक्का उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिच्या हातात माझे पुस्तक होते, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातलेले. तिने ते उघडून माझ्यापुढे धरले. "पान एक्केचाळीस बघ. उदाहरणातला एक गुरू चुकलाय तुझा. तिसऱ्या ओळीत."

मी पाहिले. समासात पेन्सिलीची बारीक खूण होती. मुद्रिते तपासणाऱ्यांना, आमच्या सरांना, परीक्षण लिहिणाऱ्या दोन विद्वानांना आणि मला न दिसलेली चूक, पहिले वर्ष अर्धवट सोडलेल्या माझ्या बहिणीला केव्हाच दिसली होती.

"कधी काढलीस ही?"

"पुस्तक आलं तेव्हाच. वाचलं की सगळं."

म्हणजे ऋणनिर्देशही वाचला होता. तेवीस नावे तिने वाचली होती, आणि मग पान एक्केचाळीसपर्यंत निमूटपणे आली होती. आणि चूक दिसूनही सतरा वर्षे माझ्याजवळ काढली नव्हती.

"दुसरी आवृत्ती काढशील तेव्हा दुरुस्त कर," ती म्हणाली.

"आणि तुझं नाव?"

अक्काने पुस्तक मिटले, कव्हरची दुमड नीट केली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घालायचंच असलं तर नुसतं 'अक्का' नको घालू. माझं नाव घाल."

कादंबरीच्या शेवटाकडे सीली स्वतःचा शिवणकामाचा धंदा काढते आणि बहिणीला लिहिलेल्या पत्राखाली आपल्या नावाची सही करते, ते मला त्या क्षणी आठवले.

दुसऱ्या आवृत्तीचे काम सुरू आहे. पान एक्केचाळीस दुरुस्त झाले आहे. अर्पणपत्रिका एका ओळीची आहे. तिच्यातली अक्षरे मी मोजलेली नाहीत. अक्काचे नाव मी या लेखात कुठेही लिहिलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. तो पहिला मान त्या पानाचा. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे मिरजेला जाऊन पाटावर बसायचे ठरवले आहे; तेव्हा ते कच्चे मुद्रित मी बरोबर नेणार आहे. तेलाचे हात पुसून ती ते हातात घेईल, आणि बहुधा त्यातही एखादी चूक काढील.